मांगाची मरिया

बाईंनी माझ्या खांद्यावरचा निळा पदर दोन बोटांनी ओढला. सगळा हात मला लागू नये म्हणून दोनच बोटं. पदर सुटला. मंग कमरेला खोचलेली साडी पण ओढली. चर्च गच्च भरलेलं. मी स्टेजवर परकर-पोलक्यावर उभी.

"हिच्या हातात माझा नातू? कुणी ठरवलं हे?"

नाताळच्या आदल्या दिवसाची संध्याकाळ. जालन्यातलं चर्च. मी तिथल्या मुलींच्या वसतिगृहात राहायची. सातवीत होते. गळा बरा होता म्हणून गाणं शिकवणाऱ्या मास्तरांनी मला नाटकात येशूची माय मरिया केल्तं. तालमीला बाळ येशू म्हणून फडक्यात गुंडाळलेली उशी असायची. त्या दिवशी ऐनवेळी कुणाच्या तरी डोक्यात आलं, की खरं लेकरू घेऊ. बाईंचा नातू दोन-तीन महिन्यांचा. तो आणला. मंग बाईंनी बघितलं, मरिया कोण हाय ते.

बाईंचा नवरा चर्चच्या पंचात. जालन्यातच, मस्तगडला दुमजली घर. कधीकाळचे देशमुख, पणज्याच्या वेळेला ख्रिस्ती झालेले. आम्ही वाटूरच्या पलीकडचे मांग. बाप दोर वळायचा. माझ्या आज्यानं बाप्तिस्मा घेतल्ता. एकाच पाण्यात बुडून वर आलो आम्ही. पण पाण्यातून ते देशमुखच निघाले आन आम्ही मांगच.

माय सकाळच्या एसटीनं आल्ती. निस्तं मला बघायला. मागं चटईवर बसल्ती, गावाकडच्या बायकांत. बाकं पुढच्यांची, चटई आमची. तसं कुठं लिहिलेलं नव्हतं, पण सगळ्यांना पाठ होतं. माय उठली. बायकांच्या पायातून वाट काढत पुढं आली. हात जोडले.

"बाई, पोरीनं आंघोळ केलीया ओ. म्या सोता घातलीया, डोक्यावरून."

माझी माय. भर चर्चात माझ्या आंघोळीची साक्ष देऊन राह्यली.

बाई म्हणल्या, "आंघोळीनं मळ जातो. बाकीचं जात नाही."

लोक हसले. बाकांवरचे मोकळं हसले. चटईवरचे पण हसले, बाकांकडं बघत बघत. पाळकसाहेब तिथंच उभे होते, पांढऱ्या झग्यात. त्यांनी मान खाली घातली.

बाईंच्या भाचीला माझी साडी नेसवली. भाचीला गाणं येत नव्हतं. मंग मला पडद्यामागं उभं केलं. भाची लेकरू घेऊन नुसते ओठ हलवणार, गाणं मी म्हणायचं. माझा आवाज त्यांना चालला. हात चालले न्हाईत.

मी म्हणलं. पार शेवटापर्यंत, सुरात. टाळ्या पडल्या. भाचीनं वाकून नमस्कार केला.

दुसऱ्या दिवशी नाताळ. उपासना झाल्यावर पाळकसाहेबांनी मला आन मायला बाजूला बोलावलं.

"भर लोकांत तुझी आई बाईंना उलट बोलली. मस्तगडला जा. दोघींनी पाया पडून या. नाहीतर वसतिगृहातली जागा मी वाचवू शकणार नाही."

माय म्हणली, "साहेब, मी तर हात जोडलेले."

"येशूनं सोसलं. तुम्ही पण सोसा."

मस्तगडपर्यंत माय पुढं, मी मागं. रस्त्यात सगळीकडं ख्रिस्ती घरांवर कागदाच्या चांदण्या लटकत होत्या. बाईंच्या घरी पाहुणे होते. ताटं फिरत होती, करंज्या, केक. आम्हाला कुणी आत या म्हणलं न्हाई. बाई दारात खुर्ची टाकून बसल्या. माय वाकली तसे त्यांनी पाय मागं घेतले.

"पायांना नको. उंबऱ्याला कर."

मायनं उंबऱ्याला कपाळ टेकलं.

मंग माझ्याकडं बघून म्हणल्या, "हं. आता तू."

मी उभीच. मला तेव्हा काय आठवलं सांगू? महारोग्याची गोष्ट. रविवारच्या शाळेत ऐकलेली. महारोगी रस्त्यात येशूच्या पुढं येतो. त्याला गावात थारा न्हाई, कुणी शिवत न्हाई. येशू हात पुढं करून त्याला शिवतो आन तो बरा होतो. शंभरदा ऐकल्ती. पण त्या दारात मला पहिल्यांदा कळलं, येशूनं हात कधी लावला ते. तो बरा झाल्यावर न्हाई. आधी. अंगावर जखमा वाहत असताना. येशूला विटाळ लागत न्हाई. त्याचंच चांगुलपण समोरच्याला लागतं. देव असाच असला पाहिजे. न्हाईतर मंग तो देव न्हाई, मस्तगडचा पाहुणा हाय.

मी म्हणलं, "मी पडणार न्हाई."

बाई म्हणल्या, "काय?"

"येशूनं महारोग्याला आधी हात लावला. तुम्ही आंघोळ केलेल्या पोरीला लावत न्हाई. तुमच्या घरात येशू न्हाई."

मायनं माझ्या थोबाडीत मारली. त्यांच्यासमोर. पाहुण्यांच्या हातातली ताटं थांबली. मी हलले न्हाई. वाकले पण न्हाई.

दुपारी माझी पेटी वसतिगृहाच्या बाहेर ठेवलेली होती. स्टँडवर मायनं मला पुन्हा मारलं. मंग स्वतः रडली. वाटूर फाट्याला उतरल्यावर म्हणली, "आता तुला शाळा कोण शिकवल? तुझा येशू?"

कुणीच शिकवली न्हाई. शाळा तिथंच तुटली. कापूस वेचला, लग्न झालं, पुन्हा जालन्यात आले. बियाण्याच्या कंपनीत बी निवडायला जाते. माय गेली. त्या नाताळबद्दल मरेपर्यंत बोलली न्हाई.

येशूला मी सोडलं न्हाई. लोक विचारतात, येवढं होऊन पण? मी म्हणते, त्यानं काय केलं मला? त्या दारात माझ्या बाजूनं तो एकटाच होता. पाळकसाहेब न्हाई, पंच न्हाई, माय पण न्हाई. दरवर्षी नाताळ आम्ही आमच्या गल्लीत करतो, मोकळ्या जागेत, सगळे एकाच सतरंजीवर. त्या चर्चची पायरी मी पुन्हा चढले न्हाई.

परवा तिथले नवे पाळक घरी आले. तरुण हायत, बोलायला गोड.

"ताई, बाई आता अंथरुणाला खिळल्यात. या नाताळला चर्चमध्ये या. क्षमेवर साक्ष द्या, बाईंना माफ केलं म्हणून सगळ्यांपुढं सांगा. लोकांना आशा मिळेल."

मी विचारलं, "बाईंनी माफी मागितली का?"

"त्यांना आता ते आठवत पण नाही, ताई."

"आन पंचांना? बाकांवरच्यांना? त्यांना तर आठवतंय ना?"

त्यांनी चहा तसाच ठेवला.

मी सांगितलं, "साक्ष देईन. पण क्षमेवर न्हाई. जे झालं त्याची. कोण काय बोललं, कोण हसलं, कुणी मान खाली घातली, एकेकाचं नाव घेऊन. चालतंय का?"

पंचांना विचारून कळवतो म्हणले. अजून कळवलं न्हाई. कळवणार पण न्हाईत.

नाताळच्या सकाळी मी न बोलावता जाणार हाय. चटईवर बसणार न्हाई. पहिल्या बाकावर बसणार. आन उपदेश सुरू व्हायच्या आधी उभी राहून बोलणार.