हरलेली जाऊ रोवणीला आली

मी सरपंच झाले आणि माझ्याच बांधीत धान रोवायला बाया मिळेनात. घ्या, आता करा सरपंचकी!

आमच्या कामठ्याकडच्या गावात रोवणी एकमेकींच्या भरवशावर चालते. आज सगळ्या तुझ्या बांधीत, उद्या माझ्या. मी लग्न होऊन आले तेव्हापासून मोहल्ल्यातल्या बायांची टोळी एकच, आणि टोळीची पुढारीण माझी चुलत जाऊ. घराला घर लागून. पद बाईसाठी राखीव निघालं तेव्हा एका पक्षानं तिला उभं केलं, दुसऱ्यानं मला. प्रचारात ती मला नाही नाही ते बोलली. मीही काही कमी नाही, माझं तोंड गावाला माहीत आहे. निवडून मी आले, पण मोहल्ला तिचा. रोवणी लागली तशी एकेक बाई सांगू लागली, "आमचं दुसरीकडं ठरलं जी."

इकडे परे, म्हणजे धानाची रोपं, पिवळी पडत चाललेली. म्हाताऱ्या पऱ्यांना फुटवे येत नाहीत. वर्षभराचा भात त्या एका बांधीत होता. शेवटी मी आणि नवरा, दोघंच चिखलात उतरलो. कंबर मोडली, बांधी सरेना. रागही येत होता आणि रडूही.

"ए सरपंचीन, बाजूले सर!" धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, आवाज आला. जाऊच होती. मागं सारी टोळी, लुगडी खोचून.

"तुमी काऊन आल्या?" मी फणकारले.

"मत तुले नाई देलं, पुढंही नाई देनार," चिखलात पाय टाकत ती म्हणाली. "पन पऱ्यायनं कोनाचं काय बिघडवलं?"

मग काय, दिवसभर माझ्या शेजारी वाकून ती रोवत होती आणि माझी ओळ वाकडी जाते म्हणून मला झापत होती. इतकं बरं वाटलं ते झापणं! आता ही आपल्याकडे वळली, असं मी मनात धरूनही टाकलं.

दिवस कलता कलता बांधी सरली. हात धुता धुता ती म्हणाली, "उद्या ग्रामसभेत तुया रस्त्याच्या ठरावाले मी आडवी जाईन. आंधी शाळेत बोअर पायजे. बोअर घे, मंग रस्त्यासाठी पहिला हात मीच वर करीन. तोंडावर सांगून राहिली, मांगून नाई."

मला निवडून आणणाऱ्यांपैकी एकानंही आजवर असं समोर येऊन काही सांगितलं नव्हतं.

"उद्या सभेत मीही भांडीनच," मी डबा उघडत म्हणाले. "पन पहिले जेवा, बाई."