मानेजवळचा पिकअप

दोन हजार सालानंतरची काही वर्षं जवळा बाजार या आमच्या गावात हेवी मेटल वाजवणारा एकच माणूस होता, तो म्हणजे मी. ऐकणारा मात्र एकही नव्हता. औरंगाबादला डिप्लोमा करताना होस्टेलवर मला हा नाद लागला. काळे टी-शर्ट, खांद्यावर आलेले केस, एका सीनियरकडून घेतलेली जुनी इलेक्ट्रिक गिटार. सुट्टीत घरी आलो की आई केसांकडे बघत बसायची आणि शेवटी न राहवून म्हणायची, “तेल तरी लाव रे त्याला.”

वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. बाजाराच्या रस्त्यावर त्यांचं शिलाईचं दुकान होतं, पण आसपासच्या गावांत त्यांना ओळखत ते गायन पार्टीचे गायक म्हणून. आमच्याकडे जयंती एका दिवसात संपत नाही. एप्रिलच्या मध्याला मोठ्या गावांची होते, मग गायन पार्ट्या मोकळ्या होतील तशी लहान गावं आपापली तारीख धरतात, ती थेट मे संपेपर्यंत. तेवढे दिवस दादा शिलाई मशीनवर कापड टाकून ठेवायचे आणि निळे झेंडे लावलेल्या गावोगावच्या मांडवांत गायचे.

पार्टीतला पेटीवाला मुलाकडे पुण्याला राहायला गेला आणि माझी पाळी आली. दादा म्हणाले, “तुझं ते घेऊन येत जा. वळीच्या मधी मधी भरून काढ.” मला ते काम कमीपणाचं वाटलं होतं, पण दादांना नाही म्हणण्याची आमच्या घरात कुणाची टाप नव्हती.

आता थोडं गिटारीबद्दल सांगायला हवं. इलेक्ट्रिक गिटारीत तारांच्या खाली पिकअप असतात. चुंबकाभोवती तांब्याच्या बारीक तारेची वेटोळी, एवढंच ते. तारेचा थरथराट ते विजेत उतरवतात. माझ्या गिटारीला दोन होते. पुलाजवळचा, म्हणजे जिथे तारा खाली बांधलेल्या असतात तिथला, कडक आणि कापत जाणारा. दुसरा मानेजवळचा, म्हणजे गिटारीच्या लांब दांड्याकडचा, गोल आणि भरलेला, गळ्यातून आल्यासारखा. होस्टेलवरच्या बँडमध्ये मी बहुतेक सगळं पुलाजवळच्यावर वाजवायचो. दादांच्या मागे मात्र मानेजवळचाच चालायचा, कारण तो पेटीच्या जागी जरा तरी शोभायचा.

तो मला बदलायचा होता. दादांसाठी नव्हे, हेवी मेटलमध्ये सोलो मानेजवळच्या पिकअपवर फार लांब ओढता येतो, त्यासाठी. हिंगोलीच्या सायबर कॅफेत बसून मी पानंच्या पानं वाचली. नेटवरचे सगळे शहाणे एकच सांगत होते. मानेजवळ तार जास्त झुलते, म्हणून तिथला पिकअप मवाळ घ्या, नाहीतर सगळ्या आवाजाचा चिखल होईल. मवाळ हा शब्दच मला झोंबला. मवाळच घ्यायचं तर मग तंबोराच घेतला असता की! मी सिरॅमिक चुंबकाचा, भरपूर वेटोळ्यांचा, त्यातल्या त्यात सर्वांत जहाल पिकअप निवडला आणि एका मित्राकरवी मुंबईहून मागवला.

मी तो बसवत असताना दादा शेजारी येऊन बसले. “गान्याला बरा हाय ना?” त्यांनी विचारलं.

“लई बरा,” मी म्हणालो. खरं तर दादांचं गाणं माझ्या डोक्यातही नव्हतं.

त्या वर्षी दादांचा आवाज वरच्या पट्टीत जरा कापायला लागला होता. त्यांना ते कळत होतं. लोकांनी बसा म्हणायच्या आधी आपण बसावं, असं ते आईला म्हणताना मी ऐकलं होतं. पण बसायचं त्यांच्या जिवावर आलं होतं. दुकानात ते कुणाच्याही पायाशी वाकून मापं घ्यायचे. ताठ उभे राहायचे ते मांडवात, माइकसमोर. हे सगळं मला माहीत होतं.

नवा पिकअप घेऊन पहिला कार्यक्रम केला तो सिद्धेश्वर धरणाकडच्या एका गावात. लोडशेडिंगच्या वेळा बघून दुपारी चारलाच गाणं सुरू झालं. होस्टेलवर माझ्या गिटारीला स्वतंत्र अँप्लिफायर होता. गायन पार्टीत तसं नसतं. दादांचा माइक, कोरसचा माइक, ढोलकीचा माइक आणि माझी वायर, सगळं मांडववाल्याच्या एकाच मशीनमध्ये जातं आणि लिंबाला बांधलेल्या भोंग्यातून बाहेर पडतं. मी पहिल्या कडव्यानंतर जागा भरली आणि भोंगा असा किंचाळला की बायकांनी लेकरांचे कान झाकले. मांडववाल्याने शांतपणे मशीनचं मोठं, सगळ्यांचाच आवाज ठरवणारं बटण खाली केलं. गिटारीचा आवाज उतरला, तिच्याबरोबर दादांचाही उतरला. पुढच्या जागेला पुन्हा तेच. तो बटण खाली करत गेला, दादा जोर लावत गेले. त्यांच्या मानेच्या शिरा तटतटल्या होत्या, तरी मागच्या रांगा ओरडत होत्या, “आवाज येऊन न्हाई राहिला!” एका उंच जागी त्यांचा आवाज फाटला. त्यांनी गाणं कसंबसं संपवलं, पाणी प्यायले आणि कार्यक्रम तिथेच आटोपता घेतला.

काय झालं ते मला जीपमध्ये बसल्यावर नीट उमगलं, आणि मी लगेच बोललो. “दादा, तुमचा आवाज न्हाई गेला. माझ्या पिकअपनं मशीन भरून गेली, म्हनून त्यानं बटण खाली केलं.”

“व्हय, व्हय,” दादा म्हणाले, ताप आलेल्या पोराला म्हणतात तसं.

ढोलकीवाला म्हणाला, “उन्हाचा तरास हाय दादा, बाकी काई न्हाई.” कोरसवाला म्हणाला, “बर्फाचं पानी बाधलं तुमाला.” प्रत्येकाने आपापली समजूत काढली आणि त्यात माझं खरंही एक समजूत होऊन बसलं. मी चिडलो. वेटोळी, चुंबक, व्होल्टेज, सगळं सांगत सुटलो. जितकं सांगावं तितका दादांचा चेहरा मऊ होत गेला. मला स्वतःची इतकी लाज वाटली की उरलेल्या रस्त्यात मी त्यांच्याकडे बघू शकलो नाही.

घरी येऊन मी तो जहाल पिकअप काढला आणि जुना मवाळ परत जोडला. सांगून पटत नाही तर ऐकवूनच पटवू, असं मला वाटलं. पुढचा कार्यक्रम पुसेगावला होता. दादा यायला तयार नव्हते, आईने भरीला घातलं. आणि काय गायले! मांडववाल्याला मशीनला हात लावावा लागला नाही. रस्त्यापलीकडच्या पानपट्टीवरचे लोकही उठून मांडवात आले. मी मागे बसून मनात म्हणत होतो, ऐका दादा, ऐका, हा तुमचाच आवाज आहे.

दोन गाण्यांच्या मध्ये ते वळून माझ्याजवळ आले. “गिटार काहून बारीक वाजून राहिली?”

“जुना पिकअप बसवला.”

ते माइकवर परत गेले आणि भरल्या मांडवात बोलायला लागले. “मंडळी, माझा आवाज थकला. मी जानतो. माझ्या लेकरानं काय केलं, बापाचा आवाज लोकायला ऐकू यावा म्हनून सोताचं वाद्य लहान केलं. हौसेनं मुंबईहून मागवलेलं काढून ठेवलं त्यानं. असं लेकरू समद्यायला मिळो.” टाळ्या पडल्या. एक माणूस उठून माझ्या नावाने बक्षिसाची नोट घेऊन आला आणि दादांनी देणाऱ्याचं नाव मोठ्या अभिमानाने पुकारलं.

शरमेने माझं तोंड तापलं होतं. मी उठलो, माइकजवळ वाकलो आणि म्हणालो, “दादाचा आवाज थकला न्हाई. त्या दिशी चूक माझ्या गिटारीची होती.”

टाळ्या दुप्पट झाल्या. पुढे बसलेल्या एका म्हातारीने पदराने डोळे पुसले आणि शेजारणीला म्हणाली, “पाह्य ना, बापासाठी समदं आपल्या अंगावर घेऊन राहिलं.”

दादांनी ती नोट माझ्या खिशात घातली. मग माइक कोरसवाल्याच्या हातात दिला, मागे येऊन माझ्या शेजारी बसले आणि टाळीवर ताल धरला. त्यानंतर ते माइकसमोर कधीच उभे राहिले नाहीत.