शंभर मीटर आणि वरच्या ताईंचा डबा

ऑगस्टमधला शनिवार, सकाळी दहा. स्थळ, मस्कतमधल्या अल खौदचा आमचा हॉल. हजर: मी, नवरा, नववीतली लेक आणि वरच्या मजल्यावरच्या ताई, ज्या लेकीला गणित शिकवतात. गैरहजर: सगळ्यांचे मोबाईल. ते मी गोळा करून कुकरमध्ये ठेवले होते, झाकण लावून.

बायकांच्या शंभर मीटरची अंतिम शर्यत आदल्या रात्रीच होऊन गेली होती, आम्ही रेकॉर्डिंग बघणार होतो. निकाल आधी फुटून चालणार नव्हतं, कारण त्यावर लेकीच्या पुढच्या सगळ्या संध्याकाळी अवलंबून होत्या. शाळेत तिची शंभर मीटरसाठी निवड झाली होती. सराव संध्याकाळी सहाला, ऊन उतरल्यावर. ताईंचा क्लासही सहालाच. ताईंना दुसरी वेळ जमत नव्हती आणि ओमानचं ऊन माझं वेळापत्रक मानत नाही.

"धावून कुणाचं भलं झालंय?" असं नवऱ्याने विचारलं, तेव्हा लेकीने ही धावपटू पुढे केली. कॅरिबियनमधल्या टिकलीएवढ्या देशाची मुलगी.

"बाबा, तिच्या आयलंडवर प्रॉपर ट्रॅक पण नव्हता. स्कूलच्या ग्रासवर धावायची, बॉईजना हरवायची. मग लहान असताना एकटी दुसऱ्या आयलंडवर गेली, ट्रेनिंगला. आता फायनलमध्ये आहे!"

नवऱ्याने नकाशात बेट शोधलं, चष्मा पुसला, पुन्हा शोधलं. "हे? मला वाटलं चहा सांडलाय. ही जिंकली तर तुझा क्लास बंद, जा!"

तर असा करार. ताईंना यातलं काहीच माहीत नव्हतं. मी त्यांना बोलावलंही नव्हतं. त्या आंबोळ्यांचा डबा द्यायला आल्या आणि टीव्ही चालू बघून बसल्या. बसल्या तर बसल्या, मोबाईल कुकरात.

माझं नियोजन चोख होतं. धावपटूंची ओळख चालू असताना वडे तळायचे, शर्यतीला गरम वाढायचे. फक्त शंभर मीटर किती वेळ चालते हे मी धरलं नव्हतं. एक घाणा उलटेपर्यंत बाहेर खलास. झारा हातात घेऊन धावत आले, तर लेक सोफ्यावर उभी आणि ताई तिच्याहून मोठ्याने ओरडत होत्या, "पळाली गं बाई, पळाली!"

"पुन्हा लावा," मी म्हटलं. पुन्हा लावलं. पुन्हा तीच जिंकली. बाकीच्या जणी बस चुकल्यासारख्या मागे.

"वारा मागून असेल," नवरा म्हणाला.

"बाबा!"

"बरं बाई. शब्द म्हणजे शब्द. खलास."

"काय खलास?" ताईंनी विचारलं.

आम्ही तिघेही वड्यांकडे बघायला लागलो. ताईंनी डोळे पुसले आणि लेकीच्या पाठीवर थाप मारली. "बघ, कुठून कुठे गेली पोरगी! तिने कधी क्लास बुडवला नसणार."

त्या गेल्यावर नवरा म्हणाला, "डबा परत द्यायला जाशील तेव्हा सांगून टाक."

आता शेजारचा डबा रिकामा परत देत नाहीत. मी शंकरपाळे केले, डबा भरला, वर गेले. ताईंनी दार उघडताच सांगितलं, "बरं झालं आलीस. तिच्यासाठी जुने पेपर काढून ठेवलेत, रात्रभर जागून." मी डबा ओढणीआड धरला, दोन लिंबं मागितली आणि खाली आले.

सोमवारी लेक पहिल्या सरावाला गेली. क्लासला येत नाही, सर्दी झालीये, असं मी कळवलं. सव्वासहाला ताई काढ्याचं पातेलं घेऊन दारात. "झोपलीये," मी म्हटलं. तेव्हा ती मैदानात धावत होती आणि, खेळाचे सर म्हणाले, बरी धावली.

म्हणजे आता त्यांचं पातेलंही आमच्याकडे आहे. शंकरपाळे नवऱ्याने संपवले. उद्या पुन्हा सराव आहे. त्याआधी डबा भरायचा, पातेलं भरायचं, वर जायचं आणि सांगायचं. पहिली दोन कामं सकाळीच उरकली. दोन्ही भांडी ओट्यावर झाकून ठेवली आहेत.