खंडेनवमीला सापडलेला धोटा

सत्तरच्या दशकात मी सोलापुरात चादरीच्या कारखान्यात मागावर होतो. तुरुंगातून सुटलेला एक जण आमच्यात विणकर म्हणून लागला आणि त्या दिवसापासून आम्ही जेवणाचे डबे भिंतीवरच्या खिळ्यांना टांगायचं बंद केलं. डबे पायाशी, नजर त्याच्यावर. खिळ्याला फक्त त्याचाच डबा लोंबायचा. तो मान खाली घालून काम करायचा, तर मला वाटायचं, लेकाचा काहीतरी डाव रचतोय.

श्रावणात माझा धोटा हरवला. आडवं सूत घेऊन पळणारा हा लाकडी तुकडा नसेल तर माग बंद. मी तडक मालकाकडे गेलो.

"ह्यानंच नेला की! दुसरा कोण चोर हाय हितं?"

त्याला कुणी काही विचारलंसुद्धा नाही. दुपारी त्याचा डबा खिळ्यावरून उतरला, तो कायमचाच.

खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते, म्हणून वर्षातून एकदा माग अगदी खालपर्यंत झाडायचे. माझ्याच मागाखाली कापसाच्या थरात धोटा निघाला. मी तो गुपचूप पुसला, हळदकुंकू लावून पूजेत मांडला.

तेवढ्यात कुणीतरी बातमी आणली, कामावरून काढलेला तो विणकर घरफोडी करताना पकडला गेला म्हणून.

"असली माणसं सुधारत न्हाईत," सगळे म्हणाले. सगळ्यांत मोठ्यानं मी म्हणालो.