चिरा काठावर आणला

कल्याणची मंडळी हल्ली संध्याकाळी ज्या तळ्यावर हवा खायला जातात, ते तळं देवानं केलेलं नाही. आगगाडीच्या पुलांसाठी फोडलेली ती दगडाची खाण आहे. आमच्या गावच्या निम्म्या पुरुषांच्या कंबरा तिथे मोडल्या. माझा थोरला भाऊ तर तिथून परतलाच नाही.

सुरुंगाला बत्ती देऊन तो मागे पळत होता, तेवढ्यात वरचा कडाच खाली आला. ढिगारा उपसायला घेतला तर उरलेला कडाही कोसळेल, असं इंजिनेरानं सांगितलं, आणि तो ढिगारा कुणी हलवला नाही. अग्नी द्यायला देहच मिळाला नाही. अशा अवचित गेलेल्या माणसाचा आमच्याकडे त्याच जागी शेंदूर लावून दगडाचा चिरा बसवतात. तसा तिथे बसवला. पुढे पूल झाले, खाण ओस पडली, तरी आई दर अमावास्येला पान वाढून खाली उतरायची. चिऱ्यासमोर बसून त्याला घरचं सगळं सांगायची. म्हैस व्याली, भाताला कीड लागली, धाकटा कल्याणात मास्तर झाला. तो धाकटा मी. मला तिथे एक अक्षर बोलता यायचं नाही.

मग म्युनिसिपालिटीच्या मनात आलं, की खाणीचं पाणी बाहेर जायची वाट बांध घालून बुजवावी, शेजारचा ओढा आत वळवावा, काठाला झाडं लावावीत, होड्या सोडाव्यात. गाव हरखून गेलं. साहेब येणार, बाजार भरणार! माझं डोकं फिरलं होतं; पण घर आमचं जळत होतं, गावाला नुसता उजेड दिसत होता. आईचं म्हणणं एवढंच होतं, "पानी भरल्यावर मी त्याच्याकडं जाऊ कशी?"

गाव वाईट नव्हतं. म्हाताऱ्यांनी बसून ठरवलं, की पाणी यायच्या आत चिरा वर काठावर आणायचा. मात्र देवीचा कौल घेतल्याशिवाय चिऱ्याला हात लावायचा नाही, ही आमची रीत. भगतानं देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या कळ्या चिकटवल्या आणि चिरा हलवू का म्हणून गाऱ्हाणं घातलं. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. सगळे श्वास धरून बसले होते. उजवी कळी टपकन पडली आणि ढोल वाजला. चौघांनी खांदा देऊन चिरा वर आणला, बोरीखाली बसवला, नवा शेंदूर लावला. मलाही हायसं वाटलं.

पुढच्या अमावास्येला आई पान घेऊन बोरीखाली बसली. बराच वेळ झाला तरी तोंडातून शब्द नाही. मी विचारलं, "काय झालं गं?"

"तुमी कौल मागितला दगडाचा," ती म्हणाली. "माज्या पोराला कुनी इचारलं, तू येतस का म्हनून?"

मी भगताकडे धावलो. तो बिचारा खाली मान घालून म्हणाला, "मास्तर, खरं हाय तिचं. पन दिलेला कौल फिरून मागत नाय. आन् आता इचारून तरी काय? बांध झाला."

पावसाळ्यात पाणी चढलं आणि कड्याच्या निम्म्यापर्यंत आलं. आई काठाच्या नव्या पायरीवरून पाण्यातच पान सोडू लागली, तर पहारेकऱ्यानं अडवलं. तळ्यात खरकटं टाकायचं नाही, असा हुकूम होता. मी त्याच्या अंगावर ओरडलो. तो शेजारच्याच गावचा, हात जोडून उभा राहिला. त्याच्यावर ओरडून काय होणार होतं?

एका रविवारी आई आपण होऊन म्हणाली, "मला होडीत बसव." जन्मात कधी ती होडीत बसली नव्हती. धुतलेलं लुगडं नेसून आली. बरोबर पान नव्हतं, काहीच नव्हतं. आजूबाजूच्या होड्यांत लोक चणे खात होते, पोरं पाणी उडवत होती. होडीवाल्यानं कुठे न्यायचं म्हणून विचारलं. तिनं कड्याकडे बोट केलं.

तिथे पोचल्यावर होडी थांबली. आई वाकली आणि तिनं कोपरापर्यंत हात पाण्यात घातला. मी दुसरीकडे पाहत राहिलो. बऱ्याच वेळानं होडीवाला म्हणाला, "म्हातारे, हात आत घे, होडी वळवतो."

"पानी लय थंड हाय रे," आई मला म्हणाली. "त्याला थंडी सोसाची नाय."

हात तिनं बाहेर काढला नाही.