बाईंची आर्ट आणि आईची वाकळ

शेजारच्या बंगल्यातल्या बाई आमच्या ओसरीवर आल्या, आईने शिवलेली वाकळ उचलून म्हणाल्या, "मावशी, ही नुसती गोधडी नाही, ही आर्ट आहे!" तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली.

आमच्या कासार आंबोलीत शनिवार-रविवारी पुण्याहून येणारी माणसं गोड बोलायला लागली की आमचे दोन-चार गुंठे कमी होतात. गोठ्याला 'रस्टिक' म्हणाले, गोठा गेला. आता वाकळ!

आणि आर्ट म्हणजे तरी काय हो? मी कॉलेजात आर्ट्सला होते, तर गाव म्हणायचं, मार्क कमी पडले वाटतं पोरीला. हिंजवडीत नोकरी करणारा भाऊ मशीनलाही स्टेट ऑफ द आर्ट म्हणतो. पौडच्या कराटे क्लासवर पाटी, मार्शल आर्ट. एका शब्दाने किती घरं फिरावीत! शेवटी डिक्शनरी काढली. कला, कौशल्य, कसब, आणि पार तळाशी: कावा, धूर्तपणा. सापडलं, म्हटलं.

बाई दर शनिवारी यायला लागल्या. आई तेव्हा वडिलांची वाकळ शिवत होती. माणूस गेलं की त्याचे जुने कपडे आतल्या थरात घालायचे, ही आमच्याकडची रीत. "डोळं हायेत तोवर तुझ्या बाची वाकळ व्हाया पायजे," एवढाच तिचा धोशा. समोर कुणीतरी बसून कापड ताणून धरावं लागतं. तिथे बाई बसायच्या. वडिलांचं धोतर त्यांच्या हातात बघून माझा नुसता जळफळाट व्हायचा. उद्या ही बया वाकळ भिंतीवर टांगणार आणि खाली स्वतःचं नाव लावणार!

एका शनिवारी त्यांना फाटकातच गाठलं. "आईला बरं नाही. आता येऊ नका." बाईंचा चेहरा पडला. फाटकातूनच परत फिरल्या. मला काय आनंद झाला म्हणून सांगू!

पुढचे तीन शनिवार आई वाकळ पसरून बसली. एकटीने घातलेला टाका वाकडा जायचा, ती उसवायची, पुन्हा घालायची. तिसऱ्या शनिवारी म्हणाली, "कुटं गेली गं ती? रागावली का काय?"

मग मला राहवेना. सगळं सांगून टाकलं, डिक्शनरीतल्या त्या कावा-धूर्तपणासकट.

आई चिडली नाही. "बरं. मग तू बस समोर."

बसले. जोर लावून कापड ओढलं, तर आतलं धोतर एका बाजूला गोळा झालं. पुन्हा ओढलं, आणखी बिघडलं. आईने माझे हात बाजूला केले आणि चाचपत चाचपत धोतर सारखं केलं.

"ती काव्यानं आली का कशानं, मला न्हाई ठावं," ती म्हणाली. "पर टाका कसा घालायचा, ते तिनं ईचारलं मला. तू जल्मापास्नं माझ्या वाकळंखाली झोपतीस. एकदा तरी ईचारलंस?"