विटलेली बाजू

झोपायची सोय असलेली जुनी व्हॅन घ्यायची म्हणून मी कोगनोळीला गेलो होतो. गाडीची डावी बाजू उन्हानं पार विटलेली, उजवी मात्र अजून लालभडक. हे दाखवून किंमत पाडायची, असं मी मनात ठरवूनच टाकलं.

मालक मूळचे वडगावचे विणकर. साडीचा पोत बघावा तसा त्यांनी विटलेल्या पत्र्यावर तळहात फिरवला.

“लई ऊन खाल्लंय ह्या बाजूनं. पलंग पलीकडच्या अंगाला हाय न्हवं? दुपारी आमची मंडळी तिथं झोपायची, म्हणून गाडी कायम अशीच लावायचो.”

गाडीच्या सावलीत बसलेल्या त्यांच्या पत्नी, आक्का, हसल्या. “व्हय, आन मला झोप लागली की ह्यास्नी पत्ते कुटायला रान मोकळं!”

मी किंमत पाडली नाही. गाडीला रंगही दिला नाही. आता कुठंही थांबलो की विटलेली बाजू उन्हाकडं करतो, आमची ही पलीकडं निवांत झोपते. पत्ते तेवढे शिकायचे राहिलेत.